आबांचा कॉम्प्युटर

घाटनांदूरच्या तात्याबांना, म्हणजे घरच्यांच्या आबांना, मेंढरांच्या दुखण्यांवर पुस्तक लिहायचं होतं आणि त्यासाठी घरात कॉम्प्युटर हवा होता. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा सोमेश्वर लगेच "बघतो" म्हणाला आणि दोन वर्षं अगदी मन लावून बघत राहिला.

शेवटी धाकट्या लेकीने, स्वप्नानेच, मनावर घेतलं. ती अंबाजोगाईत कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तिने एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणला, आतली धूळ झाडली, नवी एसएसडी टाकली, रॅम वाढवली, कॅमेरा लावला. फोटो पाहून तिच्या दादासाहेबांनी, म्हणजे सोमेश्वरने, पुण्याहून फोनवरून निकाल दिला, "भंगार हाय ते. महिनाभर चाललं तर नशीब!"

सुट्टीला सोमेश्वर आला तो कंपनीचा चकचकीत लॅपटॉप मिरवत. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या साहेबांसोबत ऑनलाइन मीटिंग होती आणि लॅपटॉपला नेमका त्याच वेळी स्वतःला अपडेट करून घ्यायचा मुहूर्त सापडला. टक्केवारी चाळीसवर जाऊन बसली ती हलेचना.

"आबा, जरा तुमच्या कॉम्प्युटरवर बसू का?" सोमेश्वर घाम पुसत म्हणाला.

"बस की. पण मेंढीच्या जुलाबाचं पान तेवढं मिटवू नगंस."

तासभर मीटिंग कुठेही न अडकता चालली. शेवटी साहेब खूश होऊन म्हणाले, "आवाज फार स्वच्छ येतोय. नवीन मशीन घेतलं का?"

"हो सर, मीच बनवून घेतलं," सोमेश्वर म्हणाला.

दारात उभ्या स्वप्नाला हसू आवरेना. तिचं ते हसणंसुद्धा पुण्यात अगदी स्वच्छ ऐकू गेलं.