महाराणी

आजोबांची सगळी भिस्त गाडीच्या खोडीवर होती. दोन सीटची ती लाल, जुनी स्पोर्ट्स कार ऐन वेळी हमखास रुसायची. विकायला काढल्यापासून दोन गिऱ्हाइकं तिच्यापुढे घाम गाळून हात हलवत परत गेली होती. आज तिसरं यायचं होतं.

विकायला होकार त्यांचाच. डोळ्यांनी दगा दिला, गाडी फाटकाच्या खांबावर आदळली आणि लेक ढसाढसा रडली. तिच्या रडण्यापुढे त्यांचं काही चालेना. "वीक बाई," ते म्हणाले. मनात म्हणाले, आधी चालू तर होऊ दे!

ही त्यांची पहिली गाडी. लग्नानंतर मोठ्या ऐटीत बायकोला फिरायला नेलं आणि येताना तिने नव्या सँडलची टाच मोडेस्तोवर गाडी ढकलली. "मी ढकलायची आणि हिने मिरवायचं! महाराणीच ही!" छत गळायचं, तेव्हा आजी आत छत्री उघडून बसायच्या. रविवार आजोबांचा गाडीखाली जायचा. आजी तोंडाने नावं ठेवायच्या, पण आजोबांनी नुसता हात बाहेर काढला की त्यात नेमका हवा तोच पाना पडायचा. काय सुखाचे दिवस होते ते!

त्या सकाळी आजोबा गॅरेजमध्ये गेले ते फक्त गाडी पुसायला. बॉनेट उघडून फडकं फिरवताना बोटांना बॅटरीची वायर लागली. सैल होती. म्हणजे हे सगळे नखरे हिच्यापायी! आजोबा हरखून गेले. चाचपत चाचपत त्यांनी टोक घासलं, नट आवळला आणि शीळ घालत चहाला आले. पहिला घोट घेतल्यावर त्यांना उमगलं, आपण काय करून बसलो ते.

कप तसाच ठेवून ते परत गेले. पाना नटावर बसवला. जरासा उलटा फिरवायचा, बस. पण नीट बसवलेला नट सैल करायला हात काही धजेना. ते तसेच उभे असताना फाटक वाजलं.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण शिक्षिका. तिने चावी फिरवली आणि महाराणी पहिल्या फटक्यात चालू झाली. लेकीने टाळ्या वाजवल्या. सह्या झाल्या.

आजींचं लक्ष आजोबांच्या काळ्या नखांकडे गेलं.

"अहो, तुम्हीच दुरुस्त केलीत?"

"राहवलं नाही गं."

आजी रागावतील असं त्यांना वाटलं. पण गाडी फाटकाबाहेर पडली तशी त्यांनी आजोबांचा दंड धरला. "थांबा. वळणावर बंद पडेल बघा. नेहमी पडते."

दोघं कान देऊन उभी राहिली. गाडी वळली, चढ चढली, आवाज बारीक होत गेला. बंद काही पडली नाही.