भागधारक बाई

तोटा कळला तो मंगळवारी, आणि तोही पत्रातून. पत्र बाइंडरच्या बायकोच्या नावे आलं होतं. ती जाऊन साडेचार महिने झाले होते. तिची सगळी पत्रं आता तोच फोडत असे. चष्म्याच्या दुकानाचं, विम्याचं, आणि आज हे.

'प्रिय भागधारक, दुर्दैवाने यंदा बंद पडणाऱ्या व्यवसायांची संख्या आमच्या अंदाजापेक्षा बरीच कमी राहिली. परिणामी कंपनीला तोटा झाला आहे. पुढील वर्षी परिस्थिती सुधारेल अशी आशा आहे.'

'दुर्दैवाने' हा शब्द त्याने दोनदा वाचला. कुणाच्या दुर्दैवाने? मग वरचं कंपनीचं नाव वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. धंदा बुडाला की तो कसा मिटवायचा, त्यातलं काय कुणाला विकायचं, याचा सल्ला देणारी ही कंपनी. दोन वर्षांपूर्वी तो कामाला होता तो छापखाना यांनीच मिटवला होता. एकवीस वर्षं त्याने तिथे पुस्तकं बांधली होती.

संध्याकाळी मुलगी आली. तिने फोनवर बघून सांगितलं, "बाबा, आईकडे यांचे चारशे शेअर आहेत. घेतले त्या भावाच्या निम्म्याहून खाली आलेत."

"यांचे? तुझ्या आईकडे?"

"तिची एफडी कुठे गेली म्हणून मी डोकं खाजवत होते. ती इथे गेली."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोशी भांडावं असं पहिल्यांदाच वाटलं, आणि भांडायला ती नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने मेहुणीला गाठलं.

"भाऊजी, आवाज खाली. सांगते. मीच गेले होते तिच्याबरोबर."

"तू? तुम्हा दोघी बहिणींना दुसरी कंपनी दिसली नाही? ज्यांनी माझा छापखाना गिळला त्यांच्याच घशात पैसे घातलेत?"

"छापखाना तुमच्या मालकाने बुडवला. त्याचं खापर त्यांच्यावर नका फोडू. पेटीचं बोला."



पेटी त्याची स्वतःची होती. त्यात सुया, टोच्या, तीन सुऱ्या, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, आणि पानं शिवायची लाकडी चौकट, जी त्याने स्वतः रंधा मारून बनवली होती. छापखाना मिटवायला आलेल्या माणसाने सगळ्या सामानावर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तशी या पेटीवरही चिकटवली. अठ्ठावीस. "साहेब, ही माझी आहे," असं बाइंडर म्हणाला होता. "पावती दाखवा," साहेब म्हणाला होता. एकवीस वर्षांत एकेक करून घेतलेल्या सुयांच्या पावत्या कोण ठेवतो? सहा दिवसांनी पेटी यंत्रांबरोबर विकली गेली. घरी येऊन तो म्हणाला, "जाऊ दे." आणि पेटीवर पाणी सोडलं.

"तुम्ही सोडलंत, तिने नाही," मेहुणी म्हणाली. "तीनदा गेली त्यांच्या ऑफिसात. तिन्ही वेळा बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी विचारलं, तुम्ही कोण? मग तिथल्या वॉचमनने सांगितलं, बाई, वर्षातून एकदा सभा असते. शेअर असेल त्याने उभं राहून विचारायचं. मोठ्या साहेबाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं."

"मग एक घ्यायचा! चारशे कशाला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, एकवालीला पुन्हा बाकावर बसवतील. चारशे असले म्हणजे खुर्ची देतील." मेहुणी हसली आणि लगेच पदराने डोळे पुसू लागली. "पाठ केला होता हो तिने प्रश्न. भाजी निवडताना म्हणायची. पण यंदाच्या सभेपर्यंत राहिलीच नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे."



सभेची तारीख पत्रातच होती. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि हॉटेलच्या त्या हॉलवर वेळेआधी पोचला. दाराशी टेबल मांडून एक मुलगी बसली होती.

"शेअर कोणाच्या नावावर आहेत, काका?"

"बायकोच्या."

"त्या आल्यात?"

"ती वारली."

"सॉरी हं. पण मग शेअर आधी तुमच्या नावावर करावे लागतील. त्याशिवाय आत बोलता येणार नाही."

"हे पत्र बघा. मागच्याच महिन्यात तिला आलंय. प्रिय भागधारक. पत्र पाठवायला मेलेली बाई चालते, आणि तिचा प्रश्न चालत नाही?"

"काका, मी फक्त नावं तपासते."

मुलीचा काही दोष नव्हता, हे त्यालाही कळत होतं. त्यामुळे तर जास्तच संताप आला. दोष असलेला एकही माणूस कधी टेबलाशी बसलेला सापडत नाही. एवढ्यात कुणीतरी आत गेलं आणि दार उघडं राहिलं. आत व्यासपीठावरून साहेब सांगत होता की मंदीची लक्षणं दिसत आहेत, कारखाने अडचणीत येत आहेत, तेव्हा पुढचं वर्ष आपल्याला चांगलं जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं बेकार होणार म्हणून टाळ्या!

"अठ्ठावीस नंबरची पेटी कुणाला विचारून—" बाइंडर दारातूनच ओरडला. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. दारावरच्या वॉचमनने हलक्या हाताने दार लोटून घेतलं. आतल्या टाळ्या बंद दारातून पुसट ऐकू येत राहिल्या.

टेबलाशी बसलेल्या मुलीने त्याला शेअर नावावर करायचा फॉर्म दिला आणि लागणाऱ्या कागदांवर पेनने खुणा करून दिल्या. पाणीही विचारलं. त्याने घेतलं नाही.

तेव्हापासून त्याची मुलगी अधूनमधून फोन करते. "बाबा, आज तीन टक्के वर आहे."

"कोण बंद पडलं?"

"असं काय बोलता! थोडा वर आला की विकून टाकू. आईचे कष्टाचे पैसे आहेत ते."

"म्हणजे दोन-चार छापखाने बुडायची वाट बघू म्हणतेस?"

"मग आत्ता विका. तोटा होईल तो होईल. पण ठेवून काय करणार आहात? एका जुन्या पेटीसाठी?"

"पेटीसाठी नाही," तो म्हणाला. यापुढे त्याला नीट सांगता आलं नाही.

फॉर्म भरून झाला आहे. मृत्यूचा दाखला जोडला आहे, त्याची सही झाली आहे. वारस म्हणून मुलीची सही लागते, ती तिने अजून केलेली नाही. पुढच्या सभेला अकरा महिने आहेत. प्रश्न विचारायचा राहिला आहे.