काचेच्या कपाटातला पंप

मित्रांनो, मी सायकलीत हवा भरायचा एक जुना पंप आहे. लोखंडी नळा, लाकडी मूठ, खाली पाय ठेवायला पट्टी आणि पोटात एक चामड्याची चकती, जिला इकडे सगळे वायसर म्हणतात. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गोड बोलतात, अशी तुमची समजूत असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे. ज्यांनी मला आपटलं, ओढलं, पावसात टाकलं, त्यांच्यावर मी कधी रागावलो नाही. ज्यांनी मला जपलं, त्यांच्यावर रागावलो आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला धुळ्याला पाठवलं. तिथल्या एका सायकलच्या दुकानात मी खुंटीला टांगलेला असताना भंवरलाल शेठ आत आले. भडगावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. पण त्याआधी, तरुणपणी, ते कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे बांधून गिरणा नदीच्या काठाकाठाने गावोगाव हिंडत. लुगडी, धोतरं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींसाठी खण. एकदा ऐन वैशाखात त्यांचं चाक बसलं. गठ्ठे पाठीवर आणि सायकल हातात, असे ते दुपारभर रेतीतून चालले. पाणी देणारे बरेच भेटले, हवा देणारा कोणी भेटला नाही. ती दुपार ते विसरले नाहीत.

दुकानाचं बस्तान बसल्यावर त्यांनी भडगावच्या अलीकडे, नदीकाठच्या वाटेवर, एका कडुनिंबाखाली पाणपोई घातली. रांजण मांडले, आणि त्यांच्याशेजारी साखळीने मला झाडाला बांधलं. लोक हसले. पाणपोई ऐकली होती, ही कसली हवापोई, असं कुणी म्हणालं. शेठजी एवढंच म्हणाले, “माणसाला पाणी आणि सायकलीला हवा. या दोन गोष्टी विकायच्या नसतात.”

मित्रांनो, तेव्हापासून मी बांधलेला होतो, पण बंदिवान नव्हतो. दूधवाले यायचे, पोस्टमन यायचा, शाळेच्या पोरी घोळक्याने यायच्या. वना वाजंत्रीवाला ढोल कॅरिअरला बांधून यायचा आणि हवा भरताना तालात दांडा दाबायचा. भराभरा हवा भरली की माझा नळा तापतो. हात लावला तर चटका बसतो. पोरांना ते ठाऊक होतं, तरी ती मुद्दाम हात लावायची आणि एकमेकांना लावायला सांगायची. माझ्या पट्टीवर किती पाय पडले असतील, कसं सांगू? मधला भाग झिजून चमचाभर खोल झाला होता. त्या खोलगट जागेचा मला अभिमान होता.

शेठजी गेले. त्यानंतर दर आखाजीला त्यांच्या पत्नी जतनबाई येऊ लागल्या. आपल्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. जतनबाई आधी नवे रांजण भरायच्या, आल्यागेल्याला पाणी द्यायच्या. मग माझं टोपण उघडून, पिशवीतल्या बाटलीतलं खोबरेल वायसरावर सोडायच्या, दांडा वर ओढायच्या आणि एकदा दाबायच्या. पहिली हवा शेठजींच्या नावाची. “भरली तुमची घागर,” असं त्या हळूच म्हणायच्या. मुलाकडे जळगावला राहायला गेल्यावरही त्यांनी ही आखाजी चुकवली नाही.

आता त्यांच्या नातवाची गोष्ट. त्याचं नाव मनन. तो वाईट मुलगा नाही, आणि हेच मोठं दुखणं आहे. वाईट असता तर मी केव्हाच त्याला मनातून काढून टाकला असता. मनन पुण्याला शिकला, नोकरीनिमित्त परदेशी राहिला. तिथे म्हणे पाइनच्या जंगलांतून आणि नद्यांच्या काठांनी सायकलींच्या लांबच लांब वाटा आहेत. शहरातली माणसं चार-चार दिवस त्यांवरून फिरतात. ते बघून आपल्याही नदीकाठी असं काही करावं, असं त्याच्या मनात आलं. पहिल्या दिवशी गिरणेचा काठ, दुसऱ्या दिवशी फैजपूरकडून केळीच्या बागांमधून सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल. बेत चांगला होता. पाहुणे खरंच येऊ लागले, रंगीत टोप्या घातलेले, हसरे, पाणपोईपाशी थांबणारे.

पण त्यांच्या चाकांत काटे जातात म्हणून मननने वाटेवरच्या बाभळी तोडल्या. ज्यांच्या सावलीत बकऱ्या आणि माणसं दोन्ही बसत, त्या बाभळी. त्यांच्या जागी त्याने कुठून तरी पाइनची रोपं आणून लावली. परदेशात पाहिलेलं सगळं इथे हवं होतं त्याला. शेजारच्या मळ्यातले चुडामण आबा काठी टेकत ती बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, “मननभाऊ, या झाडेस्ले स्वेटर आना ना. बठ्ठा गाव उन्हामा मरस, आन यास्ले थंडीनी आठवण यी ऱ्हायनी.” मननही हसला. फाल्गुन संपेपर्यंत रोपं तांबडी पडली आणि चैत्रात काड्या झाली. हसण्यासारखं त्यात काही उरलं नाही, कारण सावली गेली ती गेलीच.

मग त्याची नजर माझ्यावर वळली. पाहुण्यांच्या सायकलींचे वॉल्व्ह बारीक असतात, माझी नळी त्यांना बसत नाही. पाहुणे मला हातात घेऊन बघायचे, फोटो काढायचे, किती जुना, किती सुंदर म्हणायचे. मननला वाटलं, दादाजींची एवढी मोलाची वस्तू झाडाला बांधून धूळ खाते. त्याने साखळी कापली. कडुनिंबाने इतक्या वर्षांत ती आपल्या सालीत ओढून घेतली होती, त्यामुळे निम्मी कडी झाडातच राहिली. मला घासलं, पुसलं, काळा रंग दिला. कडुनिंबाशेजारी काचेचं कपाट उभं केलं, त्यात मला ठेवून कुलूप लावलं आणि वर पाटी लावली. ‘कै. भंवरलालजी यांचा ऐतिहासिक पंप. कृपया हात लावू नये.’

हात लावू नये! मित्रांनो, माझं सगळं आयुष्य हातांनी घडलेलं. चामडं तेलाने आणि कामाने जिवंत राहतं. मी काचेतून वाट बघत होतो आणि माझ्या पोटात वायसर आकसत चाललं होतं. बाहेरून माझं कौतुक चाललं होतं आणि आतून मी मरत होतो.

चैत्रातल्या एका सकाळी रत्ना आली. तिच्या घरी म्हशी आहेत. दुधाचे दोन कॅन सायकलला लावून ती रोज भडगावच्या डेअरीवर जाते. वाटेत सराट्याचा काटा लागला की ती काटा तसाच ठेवते, माझ्याकडून हवा भरून घेते आणि तेवढ्या हवेवर डेअरी गाठते. पंक्चर मग गावात काढते. त्या दिवशीही तिचं पुढचं चाक बसलेलं. माझ्यापर्यंत आली आणि थबकली. बऱ्याच दिवसांनी गरज पडली होती. कपाट दिसलं होतं, पण कुलूप तिने पाहिलं नव्हतं.

तिथे मननने भूपेंद्र नावाचा राखणदार ठेवला आहे. साधा माणूस. तो म्हणाला, “अक्का, चाबी मननभाऊकडे, जळगावले शे. मी काय करू?”

“चाबी जळगावले, आन दूध आठे,” रत्ना म्हणाली.

भूपेंद्रने पाहुण्यांसाठी ठेवलेला नवा पंप आणला. खूप खटपट केली, पण तो तिच्या चाकाला बसेना. ऊन चढत होतं. शेवटी ती सायकल ढकलत निघाली, शेठजी एकेकाळी निघाले होते तशीच. मी काचेआड उभा राहून तिची पाठ बघत राहिलो. माझ्यासारख्याला पाय असते तर!

दुपारी ती परत आली. डेअरीने दूध घेतलं नव्हतं, दुधाचा वास बदलला होता. तिने दोन्ही कॅन कडुनिंबाच्या बुंध्याशी उपडे केले. मग काचेजवळ येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, “तू बी मोठा माणूस व्हयी गया वाटस.”

मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तिचा मला राग नव्हता. पण ती समजत होती की मीच हे मोठेपण मागून घेतलं, आणि मला तोंड नव्हतं.

आखाजी आली. मननने मोठ्या हौसेने जतनबाईंना गाडीतून आणलं. काही सायकलवाले पाहुणे आणि चुडामण आबाही आले होते. जतनबाईंनी रांजण भरले. पिशवीतून तेलाची बाटली काढली, कडुनिंबाकडे वळल्या आणि साखळीची तुटकी कडी बघून उभ्याच राहिल्या. मननने कौतुकाने कपाट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. तेवढ्यात रत्ना सायकल ढकलत वाटेवर दिसली. जतनबाईंनी तिला हाक मारून विचारलं, हवा का भरली नाहीस. रत्नाने काचेकडे बोट केलं. मग पाणी पिता पिता दुधाचंही सांगितलं.

“दादी, बाहेर तो गंजला असता,” मनन म्हणाला. “चोरीलासुद्धा गेला असता.”

“चोरीला गेला असता तर कुठेतरी हवा तरी भरत राहिला असता,” जतनबाई म्हणाल्या. “तुझे दादाजी उन्हात चालले, म्हणून हा इथे आला. आता ही उन्हात चालली. मग हा कशासाठी आहे, बेटा?”

मननने कपाटाचं कुलूप उघडलं. किल्ली त्याच्या खिशातच होती. जतनबाईंनी मला बाहेर काढून दांडा ओढला. तो सहज वर आला, फार सहज. दाबला तर नळीतून काहीच निघालं नाही. शेठजींच्या नावाची पहिली हवा माझ्याकडून भरली गेली नाही. जतनबाईंचे डोळे भरून आले, आणि मनननेही ते बघितलं.

त्यांनी टोपण उघडलं. वायसर वाळून तडकलं होतं. त्यांनी त्यावर बाटली रिती केली, मला मांडीवर घेतलं आणि त्या झाडाखाली बसून राहिल्या. पाहुणे घड्याळं बघू लागले. त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी मला मननच्या पुढ्यात ठेवलं.

“आता तू भर. तिच्या चाकात.”

मननने झिजलेल्या पट्टीवर पाय ठेवला. पहिले कितीतरी दाब वाया गेले. मग चामडं थोडं फुगलं, थोडी हवा धरू लागलं. तो घामाने निथळला, पण थांबला नाही. माझा नळा तापला, त्याच्या बोटांना चटका बसला. खरं सांगू? मला बरं वाटलं. जतनबाई हळूच म्हणाल्या, “भरली तुमची घागर.”

चुडामण आबांनी वाळलेल्या पाइनची एक काडी उपटून आणली आणि रिकाम्या कपाटात ठेवली. पाटी त्यांनी तशीच राहू दिली.

मी पुन्हा कडुनिंबाला बांधलेला आहे, नव्या साखळीने. माझं वायसर पूर्वीसारखं नाही, एका चाकाला दुप्पट दाबावं लागतं. माझा तेवढा जीव काचेने खाल्ला, तो परत येणार नाही. म्हणून मी रागावलेला आहे आणि राहणार. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असं काचेआड ठेवलेलं असेल, नुसतं पुसलेलं, नुसतं नावाजलेलं. त्याला बाहेर काढा. झिजू द्या, तापू द्या, कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या. झिजण्याची भीती आम्हाला नसते.

काल रत्ना आली होती. तिने हवा भरली, आणि मग माझ्या तापलेल्या नळ्यावर तळहात ठेवला.

“आते माणसमा उना तू,” ती म्हणाली, म्हणजे मी आता माणसांत आलो.

चटका बसत असणार. तिने हात काढला नाही.