प्रभाकररावच्या फियाटचं बॉनेट

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवतो. लपवून फायदा नाई, अख्ख्या देवळीले माहीत आहे. त्या फियाटच्या बॉनेटनं त मले पार येडं करून टाकलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. देवळीच्या बसस्टँडमागं अण्णाजीचं गॅरेज होतं. पत्र्याचं काम श्रावण करे, कलरचं मी. अकरा वर्षं दोघं एकाच टिनाखाली राबलो. चेपलेला पत्रा श्रावण असा काही ठोकून बसवे, का मले पुट्टी नुसती पापुद्र्यासारखी फिरवा लागे. लोकं माह्या कलरची तारीफ करत, पण खरं सांगतो, अर्धी तारीफ त्याच्या हातोडीची होती. मूळचा तो समुद्रपूरचा. बायको धुरपता अन पोरगी रोशनी, तिघं गॅरेजच्याच मागच्या खोलीत राहत. खोली अण्णाजीची, काम आहे तोवर भाडं नाई.

तर प्रभाकरराव म्हणजे कापड दुकानवाले. त्यायची पांढरी फियाट रस्त्यात रोह्याले, म्हणजे नीलगाईले, धडकली. रोही पळून गेला, बॉनेट पार चेपलं. अण्णाजीनं आम्हा दोघायले बोलावून सांगितलं, "हे चार भाऊ आहेत अन चौघाच्या चार गाड्या. काम पसंत पडलं त चारही आपल्याकडं. नाई पडलं त चारही वर्ध्याले. मले बोल लावू नका मंग."

श्रावणनं पत्रा सरळ केला. मी पुट्टीत हार्डनर कालवून भरली, वाळली तशी पाण्याच्या पेपरनं घासली. हात फिरवून पाहा, डोळ्याले नाई कळत ते हाताले कळते. मंग राखाडी प्रायमर मारलं अन दीड दिवस वाळू देलं. पुन्हा घासलं. अन पांढरा कलर मारला त बाप्पा बाप्पा! बॉनेटच्या नाकावर कलर फाटला. तेलाच्या तव्यावर पाणी टाकलं का कसं सरकते, तसा रंग बाजूले सरकला अन मधात गोल गोल खड्डे पडले. तेलाशिवाय असं होत नाई. शेंबड्या पोरालेबी हे कळते.

मी म्हणलं, कॉम्प्रेसर हवेसंगं तेल फेकून राह्यला.

"नाचता येईना अंगण वाकडं," अण्णाजी बोलले. तरी त्यायनं कॉम्प्रेसर खोलून पाह्यला. आतून कोरडा ठणठणीत. माही चांगलीच जिरली.

सगळं खरडून पत्र्यावर आलो. पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. घासून घासून बोटायची कातडी निघाली. कलर मारला, अन त्याच जागी पुन्हा फाटला. यावेळी खड्डे पयल्यापेक्षा मोठे. मी कलरची गन आपटली, डब्बा लाथेनं उडवला. प्रभाकरराव नेमके तेव्हाच आले. बॉनेट नुसतं पाहून गेले. मले त्या पाहण्याचा जास्त राग आला.

अण्णाजीनं दोघायले समोर उभं केलं. "कोणाचातरी तेलाचा हात लागून राह्यला. तुहा का याचा? नाव सांगा, नाईतर दोघंबी घरी जा."

मी श्वास घ्यालेबी थांबलो नाई. "याचा," म्हणलं. "दिवसभर ग्रीसचे हात घेऊन फिरते हा. मी कायले माह्या कामाले तेल लावीन?"

श्रावणनं माह्याकडं पाह्यलं. "तुले असं वाटते त असंच असन," म्हणला.

खरा माणूस भांडला असता, असं मले वाटलं. मी असतो त गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. अण्णाजीनं त्याले कामावरून काढलं, अन दोन दिवसांत तिघायनं खोली खाली केली. टेंपोत दोन खाटा, भांडे अन रोशनीची सायकल. पोरगी पाचवीत होती, शाळेचं अर्धं वर्ष बाकी होतं. मी शेडमधी पुट्टी कालवत बसलो, बाहेर आलो नाई.

घरी बायकोले सांगितलं, "त्याचाच तेलकट हात होता. काढलं त्याले." कौशल्यानं भाकर परतता परतता विचारलं, "खरंच त्याचाच?" म्हणलं, "मंग काय माहा?" तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. वाटलं, आपली नोकरी वाचली म्हणून हिच्या जिवाले बरं वाटलं असन.

तिसऱ्यांदा कलर मारला. पुन्हा फाटला!

आता कोणाचं नाव घेऊ? शेडमधी मी एकटा. अण्णाजी दारात उभे राहून बोलले, "रूपराव, आता कोण रे?" शेवटी म्हणले, "शनिवारपावेतो गाडी नाईतर तू. दोघांपैकी एकच या दारातून बाहेर जाईन."

दोन रात्री डोळ्याले डोळा नाई. पुन्हा खरडलं, चौथ्यांदा भरलं, घासलं. शुक्रवारी सकाळी प्रायमर मारलं अन बॉनेटजवळ कोणाले फिरकू देलं नाई. एका गिऱ्हाईकाले त नुसतं टेकला म्हणून शिव्या देल्या. दुपारी कौशल्या रोजच्यासारखी डब्बा घेऊन आली. मी हातपंपावर हात धुवाले गेलो. हाताची पुट्टी रॉकेलशिवाय निघत नाई, चांगले दहा मिनिटं लागतेत. त्या दिवशी रॉकेलची शिशी आतच राह्यली, म्हणून अर्ध्यातून परतलो.

पाह्यतो त कौशल्या बॉनेटसमोर उभी. हातात तेलाची डब्बी. बोट बुडवून तिनं गाडीच्या नाकावर टेकवलं, तळव्यानं पुसून दिसेनासं केलं, अन मंग दोन्ही हात कानशिलावर नेऊन कडाकडा बोटं मोडली.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते इथं सांगत नाई. डब्बी हिसकून भिंतीवर मारली. मी हात उचलला नवता, आईची शपथ, तरी तिनं दोन्ही हातायनं डोकं झाकून घेतलं.

"काऊन?" मी ओरडलो. "काऊन केलं हे?"

"तुमच्या हाताले यश यावं म्हणून," ती रडत म्हणली. "एवढं मोठं काम. कोणाची नजर लागू नये म्हणून पयल्यांदा एकच बोट लावलं. कुंकू लावलं असतं त तुम्हाले दिसलं असतं अन तुम्ही चिडले असते, म्हणून नुसतं तेल. तरी कलर फाटला. मले वाटलं नजर मोठी आहे, म्हणून मंग जास्त लावलं."

पाहा आता! फाटते म्हणून लावे, अन लावे म्हणून फाटे.

"श्रावणभाऊनं पाह्यलं होतं मले दुसऱ्या खेपेले," ती पुढं बोलली. "म्हणले, वहिनी, लावू नका, तेलावर कलर धरत नाई. मले वाटलं, त्यायच्या समाजात हे नजर-बिजर काही मानत नाई, म्हणून म्हणत असतीन. मी हात जोडले, म्हणलं, भाऊ, यायले सांगू नका. ते म्हणले, नाई सांगत. मंग तुम्ही घरी येऊन म्हणले का त्यायचाच हात होता. मले वाटलं, सुटली मी, माह्यानं नाई झालं, म्हणून लावतच राह्यली."

मी तिथंच बादलीवर बसलो. अण्णाजीनं सगळं आयकलं होतं. "चोर सोडून संन्याशाले फाशी देली तू," ते बोलले. "जा, आण त्याले. खोली रिकामीच आहे."

बस बदलत समुद्रपूरले पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडजवळ एका वेल्डिंगच्या दुकानापुढं श्रावण ट्रॉलीचा पत्रा ठोकत बसला होता. रोजीनं लागला होता तिथं. रोशनी बाजूच्या दगडावर बसून पुस्तक वाचत होती. मले पाहून ती उठून आत गेली.

रस्ताभर पाठ केलेलं सगळं इसरलो. कसंतरी म्हणलं, "श्रावण, ते तेल... कौशल्या लावे. आज पाह्यलं मी."

त्याची हातोडी वरच्या वर थांबली. ना शिवी, ना हसणं. त्यानं एवढंच विचारलं, "तिले काही बोलला त नाई ना?"

"बोललो," मी जमिनीकडं पाहत म्हणलं.

"म्हणूनच नवतं सांगितलं," तो म्हणला, अन पत्रा ठोकाले लागला.