टँकरवर बांधलेली पेटी

आता म्हणे कॉलेजच्या पोरांना पेटी हादरवून बघायला मशीन लागतं. आमच्याकडे जमीलचाचांचा पाण्याचा टँकर होता. हसू नका! वडवणीच्या पुढचा तेव्हाचा रस्ता ज्यानं पाहिलाय, त्याला विचारा.

मी आणि गीता बीडला इंजिनिअरिंगला होतो. एका छोट्या रॉकेटातून विद्यार्थ्यांचे प्रयोग वर जाणार होते. वर वजनच उरत नाही, तेव्हा पाण्याचा थेंब कसा वागतो, हे आम्हाला बघायचं होतं. थेंब, त्याचे फोटो काढणारा कॅमेरा, मधे एक काच आणि हे सगळं सांभाळणारी पेटी. थेंब गीताचा, पेटी माझी. अब्बांच्या गॅरेजात वाढलेली मी, पेटीचं डिझाइन दुसऱ्या कुणाला करू देते होय?

दुष्काळ लई वाईट होता. जनावरं छावणीला गेली आणि गीताच्या गावची दूध सोसायटी बंद पडली. तिथला ॲल्युमिनियमचा पत्रा सोसायटीनं बैठक घेऊन आम्हाला दिला. "न्या पोरींनो," चेअरमन मोहनराव म्हणाले, "दूधच न्हाई तर पत्रा चाटायचा का?" त्यात एकच पेटी झाली. ती बिघडली की रॉकेटातली जागा गेली. गीताला तर त्या वर्षी दुसरं काही सुचतच नव्हतं, ताटावर बसली तरी थेंबच.

पेटी हादरवून दाखवा, एकही स्क्रू ढिला होता कामा नये, अशी अट होती. मग काय, बांधली टँकरच्या मागच्या चौकटीला आणि निघालो गीताच्या गावाला.

त्या साली गावात आलेला तो पहिला टँकर. बाया हळदकुंकू घेऊनच उभ्या. बायनाबाई, म्हणजे गीताची माय, तिनं टँकरला कुंकू लावलं, मग लेकीची पेटी दिसली, तर तिच्यावर चांगलं चिमूटभर वाहिलं. टँकर पुढच्या वस्त्यांवर पाणी टाकून परत आला. लिंबाखाली पेटी उघडली. स्क्रू सगळे घट्ट, पण काच लालभडक! कॅमेऱ्यावरसुद्धा कुंकू.

गीता अख्ख्या गावासमोर मायवर ओरडली. "अक्कल हाय का तुला? कावून हात लावला?"

"तुझं हाय म्हणून लावलं गं," माय म्हणाली आणि रिकामीच घागर घेऊन घरी गेली.

या अल्ला, असा संताप आला मला! "मावशींवर काय ओरडतेस? कुंकू शिरलं तर रॉकेटातली धूळ काय दारात थांबणार होती? फट बघ ना आधी!" गीता ऐकेचना. दोन दिवस माझ्याशीही अबोला.

पेटी ब्रशनं साफ केली. सोसायटीच्या दुधाच्या कॅनच्या झाकणाची रबरं पडून होती, त्यातलं एक कापून काचेभोवती बसवलं. मग दर फेरीला आम्हीच वर मूठभर कुंकू टाकायचो. एक कणसुद्धा आत गेला नाही. पण मावशी टँकरच्या त्या बाजूला फिरकायच्या नाहीत. लांबून वळसा घालून पाणी भरायच्या. गीता ते बघायची.

पेटी पाठवायच्या दिवशी गीता मला घेऊन घरी गेली. पेटी ओट्यावर ठेवली. "माय, कुंकू लाव."

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको बाई. पुन्हा घाण व्हायची."

"न्हाई व्हत आता," गीताला रडू फुटलं. "तुझ्यामुळंच व्हत न्हाई. लाव ना, माय."

मावशी आत गेल्या. रांजणातला प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सगळाच्या सगळा हातांवर ओतला. तांब्याभर पाण्यासाठी बाया भांडत होत्या, त्या दिवसांत! गीता "अगं, अगं" करत राहिली. मावशींनी हात पदराला पुसले नाहीत, पदराला धूळ होती ना. दोन्ही हात अंगापासून लांब धरून उन्हात उभ्या राहिल्या, वाळेपर्यंत.

आमची पेटी वर गेली, थेंबाचे फोटोही छान आले. लोक अजून तेच विचारतात. मला मात्र त्या ओट्यावर उभ्या मावशी दिसतात.

त्या दिवशी पेटी न्यायला टँकर घेऊन दारात आलेले जमीलचाचा खोळंबले होते. त्यांनी हॉर्न काही वाजवला नाही.