मनकर्णाबाईंनी निवडलेले पुठ्ठे

कॉम्प्युटरसाठी नवी भाषा घडवणारी माणसं तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतलं एक बोट वर्ध्याजवळच्या देवळीचं होतं: हरिदास. त्याची ती भाषा मात्र एकाच यंत्राला समजत होती: मुंबईच्या एका संस्थेत, गार खोलीत बसवलेला कपाटाएवढा कॉम्प्युटर. देवळीत विचारलं तर लोक सांगत, पोरगा मुंबईले टायपिंग करते. ते अगदीच खोटं नव्हतं.

यंत्राला ती भाषा शिकवायला हरिदासला नऊ वर्षं लागली. नऊ वर्षांचं सगळं शिक्षण दोन हजार पातळ पुठ्ठ्यांवर होतं. शाईचा ठिपका नाही, नुसती भोकं. भोकं हीच अक्षरं. टेपवर दुसरी प्रत होती, ती संस्थेने जागा लागते म्हणून पुसली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी संस्थेची समिती बसणार होती. भाषा चालवून दाखवली तर राहील, नाहीतर बंद. संस्थेत रद्दीवाल्याचा भरवसा नाही, म्हणून १९८१च्या दसऱ्याला हरिदास पुठ्ठ्यांची पेटी सोबत घेऊन घरी आला.

शनिवारी तो परतीच्या तिकिटासाठी वर्ध्याला गेला. संध्याकाळी येऊन पाहतो, तर त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पेटी रिकामी करून अंगणात पालथी घातलेली.

"ऊन दाखवाले काढले," त्या म्हणाल्या. "पाह्यलं त समद्यालेच भोकं. एवढी कीड लागली अन् तुले पत्ता नाई. एकेक पाहून निवडले. किडके चुलीत घातले, साबूत ठेवले."

साबूत म्हणजे चाळीसेक कोरे, चुकलं तर बदलायला घेतलेले. धुतल्या फडक्यात बांधून त्यांनी ते देव्हाऱ्याशी ठेवले होते. डाळीत खडा न सोडणारी बाई. एक भोक तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

चुलीवर पाणी तापत होतं. हरिदासने वाकून चुलीत पाहिलं.

"काऊन रे? कामाचे होते काय?"

"नाई माय," तो म्हणाला. "किडलेच होते."

मग त्याच पाण्याने त्याने आंघोळ केली.

डोकं पुसून आला तर मनकर्णाबाईंनी एक कोरा पुठ्ठा पुढे ठेवला. त्यांची लेक कोकिळा तळेगावला दिलेली. तिला दिवाळीला धाडा, असं व्याह्यांना कळवायचं होतं. हरिदासने पेनचं टोपण काढलं.

"मोठ्या अक्षरात लिहिजो," त्या म्हणाल्या. "इवायाले कमी दिसते."