चौथी आरोळी

दालमाउ दे रोकासोर्दा मेला, तेव्हा पाद्री बोनानातने भरल्या चर्चमध्ये सांगितलं की असा निष्ठावंत सरदार या डोंगरात पुन्हा होणे नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला खरोखरची ओकारी आली. डोक्यावरचं फडकं तोंडात कोंबून मी ती कशीबशी परतवली. शेजारच्या बाईला वाटलं मला हुंदका आवरेना. ती पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रडून घे गं, मोकळी हो."

निष्ठावंत म्हणे! आमच्या डोंगराच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. अलीकडचा आरागॉनचा, तो बार्सिलोनात बसे. पलीकडचा मायोर्काचा, तो पर्पिन्यात. दोघे एकमेकांचे मेहुणे, त्यामुळे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले. आणि रोकासोर्दाचा किल्ला बरोबर मधल्या खिंडीवर. दालमाउचा बाप मायोर्काचा म्हणून जगला आणि मायोर्काचा म्हणून मेला. बापाच्या जागी बसताना दालमाउने मायोर्काच्या राजाला शपथ दिली. वर्ष उलटायच्या आत त्याने आरागॉनला शपथ दिली, कारण त्या राजाकडे गलबतं जास्त होती. पुढे वादळात त्यातली निम्मी बुडाली, तसा हा परत मायोर्काच्या दारात.

दर वेळी तो रडायचा. गुडघ्यावर बसायचा, जोडलेले हात धन्याच्या हातांत द्यायचा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे धन्याच्या तोंडाचं चुंबन घ्यायचा, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असायच्या. ढोंग असतं तर मी समजू शकले असते. पण ते रडणं खरं होतं. ज्या दिवशी ज्याच्या पायाशी बसला असेल, त्या दिवशी त्याचं त्या माणसावर जिवापाड प्रेम असे. मला त्याच्या फितुरीपेक्षा त्या आसवांची जास्त शिसारी यायची.

माझा नवरा गोंबाउ त्याचा किल्लेदार. विसाव्या वर्षी त्यानेही दालमाउला अशीच हातातोंडाची शपथ दिली होती, एकदाच. दालमाउच्या तोंडाला तेव्हासुद्धा कुजक्या दाढेचा वास यायचा, हे मला गोंबाउनेच सांगितलं. काहीही विचारलं तरी गोंबाउ खरं तेच सांगायचा. त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिने विचारलं, "बाळा, मी उठेन ना रे?" तर हा म्हणाला, "नाही आई, शुक्रवारपर्यंत जाशील." मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. पण म्हातारी शुक्रवारीच गेली, आणि खरं सांगते, असा नवरा मिळाल्याचा मला मनातून अभिमान होता. आजूबाजूला सगळे सरडे, आणि माझ्या घरात एक सरळ माणूस.

किल्लेदाराच्या शपथेत एक कलम असतं. धनी रागात मागो की खुशीत मागो, मागितला की किल्ला त्याच्या हवाली करायचा. हवाली करायचा म्हणजे किल्लेदाराच्या घरच्यांनी एकूण एक बाहेर पडायचं, कोंबड्या-भांड्यांसकट. मग धन्याची दोन माणसं बुरुजावर चढतात आणि धन्याच्याही वरच्या राजाच्या नावाची तीनदा आरोळी ठोकतात. खोऱ्याला कळतं, किल्ला आता कोणाचा. दहा दिवसांनी किल्लेदार पुन्हा आत. पण त्याच्या घरचं एक जरी माणूस आत राहिलं, तरी किल्ला दिला असं होत नाही, आणि मग आरोळीला काही अर्थ नसतो. दालमाउच्या काळात आम्ही तीनदा कोंबड्या पकडून बाहेर पडलो आणि तीनदा आत आलो.

तिसऱ्या वेळी मायोर्काच्या राजाने ओलीस मागितला. वारंवार धनी बदलणाऱ्यावर तो तरी कसा विश्वास ठेवणार? रीत अशी की ओलीस आपल्या रक्ताचा द्यायचा. दालमाउला दोन धडधाकट मुलगे होते. त्याने माझा भाऊ पाठवला. फेलिउ, चोवीस वर्षांचा, किल्ल्यावरची शिकारी कुत्री सांभाळणारा. दालमाउने त्याला आपला मखमली डगला घातला, "हा माझा भाचा" म्हणून सांगितलं, आणि निघताना त्याच्या गळ्यात पडून रडला. फेलिउला त्याची गंमत वाटली. मला म्हणाला, "ताई, पर्पिन्यात ओलिसांना रोज पांढरा पाव देतात म्हणे. असा गोल होऊन येईन की माझीच कुत्री मला ओळखणार नाहीत."

मी घाबरले नव्हते. कारण दहा दिवसांचा नियम होता. धन्याला सोडायचं तर आधी पत्र धाडायचं, की आजपासून आपला संबंध संपला. त्यानंतर दहा दिवस कोणी कोणावर हात उगारायचा नाही. त्या दहा दिवसांत ओलीस सोडायचे. मग खुशाल एकमेकांचे गळे कापा. हा नियम आमच्याकडे वाटमारेसुद्धा पाळतात. पत्राआधी किंवा दहा दिवसांच्या आत उलटला, तर तो द्रोह, आणि ओलिसाला फाशी.

संत लुकाच्या सणानंतर चौथ्या दिवशी दालमाउ आरागॉनच्या एका कप्तानाला घेऊन आला. घोड्यावरूनच ओरडला, "गोंबाउ, किल्ला दे!"

मी चेस्टनट सोलत होते. तशीच उठून पुढे गेले. "धनी, पत्र कधी गेलं?"

"सणाच्या दिवशी."

"मग अजून सहा दिवस आहेत."

"अगं बाई, परवा-तेरवा खिंडीतून फौज जायचीय. फौज काय तुझे दिवस मोजत बसेल?"

"आणि फेलिउ?"

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. डोळे भरून आले त्याचे, देवाशपथ. "गोड पोरगा गं. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो." माझ्या तोंडात चेस्टनटचा तुकडा होता, तो मी त्याच्या घोड्याच्या पायाशी थुंकले.

गोंबाउने तोवर कोंबड्या पकडायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय करताय? सहा दिवस!"

"त्यांनी मागितलाय," तो म्हणाला. "रागात की खुशीत, हे बघायचं माझं काम नाही."

मी एक पाव घेतला, पाण्याचा घडा घेतला आणि बुरुजाची शिडी चढले. आमच्या बुरुजाचं दार दोन माणसांच्या उंचीवर आहे. आत गेले आणि शिडी वर ओढून घेतली. मग खिडकीतून ओरडले, "किल्लेदाराच्या घरचं एक माणूस आत आहे!"

कप्तान हसायला लागला. दालमाउ म्हणाला, "दार फोडा, बाईच तर आहे एक." पण कप्तान नियमाचा पक्का निघाला. म्हणाला, "फोडून घेतला तर तो दिलेला किल्ला नव्हे. माझ्या राजाला स्वच्छ कारभार लागतो." स्वच्छ! दहा दिवसांचा नियम पायाखाली तुडवताना त्याला काही वाटलं नाही, पण आरोळी मात्र रीतसर हवी होती. असल्या स्वच्छतेपेक्षा डुकरांचा उकिरडा बरा.

पहिला दिवस दालमाउने मला गोंजारण्यात घालवला. खाली बसून माझेच चेस्टनट भाजून खात होता. "सौरीना, ये खाली. तुझ्या भावाला मी कुत्र्यांचा मुख्य करीन."

"तुमच्या मुलालाच करा की. तो घरी मोकळाच आहे."

"जीभ बघा बाईची! गोंबाउ, कशी रे नांदवतोस हिला?"

गोंबाउ अंगणात गाठोड्यांवर बसून होता, कोंबडीचे पाय मुठीत धरून. दुसऱ्या दिवशी दालमाउने गोंजारणं सोडलं. दुपारी तो गोंबाउला भिंतीशी घेऊन गेला. त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण नंतर कळलं. उद्यापर्यंत किल्ला हाती आला नाही, तर प्रत्येक बाजारात दवंडी पिटून तुला द्रोही ठरवीन, असं तो म्हणाला. दालमाउने गोंबाउला द्रोही ठरवायचं! मला वरून एवढंच दिसलं की माझ्या नवऱ्याच्या हातातली कोंबडी सुटली आणि त्याने ती पकडली नाही.

माझा पाव अर्धा उरला होता. पाणी पुरणार नव्हतं, पण मी मनाशी ठरवलं होतं, चार दिवस जीभ ओल्या भिंतीला लावून काढीन. मी हट्टी आहे, माझे आईबाप सांगत मेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोंबाउ बुरुजाखाली आला. "सौरीना, फेलिउ सुटला."

"कोण म्हणतं?"

"माणूस आलाय. त्यांनी पत्र मिळाल्याबरोबर सोडला त्याला. सेरेतच्या पुलाशी दिसला, पायी येतोय."

"दालमाउचा माणूस?"

"मी स्वतः बोललो त्याच्याशी."

"शपथ घ्या."

त्याने गळ्यातला क्रूस मुठीत धरला. "शपथ."

हे दालमाउने सांगितलं असतं तर मी हसले असते. पोपने सांगितलं असतं तरी विचार केला असता. पण सांगणारा गोंबाउ होता. मी शिडी खाली सोडली. उतरता उतरता माझ्या डोक्यात चाललेलं, सेरेतहून चालत येतोय म्हणजे पाय सोलले असतील, पाणी तापवायला हवं. मी हसतही होते बहुतेक.

मी दरवाज्याबाहेर पाऊल टाकलं आणि दोघं धावत वर चढले. "आरागॉन! आरागॉन! आरागॉन!" समोरच्या टेकडीवर मायोर्काची चौकी होती. तिथून लगेच खबरीचा धूर निघाला, मग त्याच्या मागच्या टेकडीवरून, मग त्याच्याही मागच्या. दालमाउ कप्तानाच्या गळ्यात पडला होता आणि अर्थातच रडत होता.

मी गोंबाउला विचारलं, "कुठल्या वाटेने येतोय तो? मी सामोरी जाते."

तो कोंबड्या मोजायला लागला.

"अहो, कुठल्या वाटेने?"

त्याने मान वर केली नाही, आणि मला कळलं. मी ओरडले नाही. लोक म्हणतात माणूस ओरडतो, पण मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. क्रूस धरला होता तो हात आता एका कोंबडीच्या पिसांवरून फिरत होता.

फेलिउला त्यांनी दोन दिवसांनी पर्पिन्याच्या वेशीवर लटकवलं, त्या मखमली डगल्यातच. दालमाउचं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. वर तारीख मागची घातलेली होती. ते सणाच्या दिवशी निघालंच नव्हतं.

गोंबाउ तेव्हापासून पुन्हा कधी खोटं बोलला नाही. दालमाउ नंतर तीन वर्षांत आणखी एकदा फिरायला निघाला, पण तोवर मायोर्काच्या राजाचं राज्यच उरलं नाही, म्हणून उरलेलं आयुष्य तो एकाच धन्याशी निष्ठावंत राहिला. पाद्री बोनानात म्हणतो ते त्या अर्थाने चूक नाही. आम्ही किल्ल्यातच आहोत, माझ्या हातचं गोंबाउ अजून जेवतो. दालमाउची मला किळस येते, पण चिखलाची यावी तशी. चिखल अंगावर उडाला तर धुता येतो. नवऱ्याच्या शेजारी मात्र मी अजून पाठ करून झोपते, आणि झोपेतही त्याचा हात लागला तर जागी होते.

फक्त एकदा मी त्याला विचारलं. फाशीची बातमी आली त्या आठवड्यात, चुलीपाशी.

"का केलंत?"

"मी शब्द दिला होता."

"कोणाला?"

"धन्याला. हात आणि तोंड देऊन."

"आणि मला दिलेला?"

त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि खरोखर विचार केला. टाळाटाळ नव्हे, तो आठवत होता. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "तुला कधी दिला?"

आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.